परत जा

पोरी,

फोटोग्राफी, फिल्म की एटीडीवर (कलाशिक्षकाच्या पदविकेवर) शाळेतली नोकरी, असं विचारलंस. मी तिन्ही केलं. कशात किती पैसा, ते तुझे वडील सांगतील. माझं म्हणणं एकच: ज्याचा फोटो काढलास, त्याच्याकडं परत जा.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवले आणि पहाटे ३.५६ ला लातूरकडची किल्लारी भूकंपानं हादरली. दुपारी मी तिथं होतो. जड मातीच्या छताची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली होती. एका बाईनं पोराला धोतरात गुंडाळलं होतं, चेहरा तेवढा उघडा. म्हणाली, "दादा, याचा एक फोटू राहू द्या माझ्याजवळ. घरातले सगळे गाडले गेले." काढला. रोल पेपरला गेला. तिची प्रिंट पाकिटात घालून ठेवली.

चार वर्षांनी फिल्म करायला गेलो तेव्हा गाव नव्या जागी वसलं होतं. कुणाला विचारणार? मी तिचं नावच घेतलं नव्हतं. पाकीट अजून कपाटात आहे. आधी का गेलो नाही, तर शाळेतून सुट्टी मिळाली नाही, असं मी वर्षानुवर्षं सांगितलं. खोटं आहे. किल्लारी लांब नव्हती.

म्हणून मी मुंबईला गेलो नाही, शाळेतच चित्रकला शिकवत राहिलो. हिंमत झाली नाही म्हणतात, म्हणू देत. स्मरणचित्रात सगळी पोरं तीच विहीर, त्याच घागरी काढायची. मी त्यांना आठवडी बाजारात नेलं, पुढच्या आठवड्यात परत नेलं. दुसऱ्या खेपेला एकीनं पारडी सारखी करायला तागडीला बांधलेला पासंगाचा खडा काढला. पहिल्या खेपेला तो कुणालाच दिसला नव्हता, मलासुद्धा. हे काम लहान आहे, असं मला कुणी सांगू नये.

अजिंठ्याचा रॉबर्ट गिल आठव, तो इंग्रज फौजी. १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानं पुन्हा ब्रश धरला. कॅमेराही होताच त्याच्याकडं. तो चित्रकार की फोटोग्राफर, याची उठाठेव तू कशाला करतेस?

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या त्या जोडप्याचे फोटो पाठवलेस. चांगले आहेत. बाईनं कोयता पदरात गुंडाळलाय, तो तर फारच. तिला दाखवलास? नाव विचारलंस?

टोळ्या गुढीपाडव्याच्या सुमाराला गावी येतील. प्रिंटा आत्ताच काढून ठेव, पैसे मी देतो. त्या तिला देऊन ये, नोकरीचा अर्ज मग भर.