‘बघू’ म्हणजे नेमकं कधी?

ताई,
आई जाऊन दीड वर्ष झालं. बाबा एकटे राहतात, मी नोकरीमुळे दुसऱ्या शहरात. रोज रात्री त्यांचा फोन येतो आणि रोज तेच चार विषय: हवा कशी आहे, भूकंप (तिकडे महिन्याभरात तीन हलके धक्के बसले), मांजराने आज काय केलं आणि पुढचा बेत काय. मी हं-हं करत एकीकडे मेल वाचतो. गेल्या आठवड्यात धीर करून विचारलं, ‘बाबा, तुम्हाला एकटं वाटतं का?’ तर म्हणाले, ‘आज ढगाळ आहे,’ आणि फोन ठेवला. आम्ही रोज बोलतो आणि काहीच बोलत नाही. त्यांना बोलतं कसं करू?
– हं-हं

प्रिय हं-हं,

तुमचं पत्र तीन पानी होतं, वर छापलंय ते सार. पण दुसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता एक वाक्य टाकलंय, ते मी परत परत वाचलं. ‘परवाच्या धक्क्यानंतर मांजर पलंगाखाली जाऊन बसलं, दोन तास बाहेर येईना, मग मीही तिथेच बसलो, असलं काहीतरी सांगत बसतात.’

अहो, दोन तास! सत्तरी ओलांडलेला, गुडघे धरलेला माणूस रात्री फरशीवर बसून पलंगाखाली डोकावतोय. घरात दुसरं कुणी नाही. जमीन नुकतीच हललीय. हे सगळं त्यांनी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, हं.

बोलतं काय करायचंय त्यांना? ते बोलतायत की. मांजर रात्री तीनला उठवतं आणि मग झोप लागत नाही, हेही तुमच्याच पत्रात आहे. मांजराची तक्रार म्हणून तुम्ही ते सोडून दिलंत. मला त्यात तीन वाजता जागा असलेला माणूस दिसला.

आता तुमच्या त्या धाडसी प्रश्नाबद्दल. ‘एकटं वाटतं का?’ याचं खरं उत्तर ‘हो’. आणि ‘हो’ म्हटल्यावर पुढे काय? तुम्ही नोकरी सोडून येणार आहात का? नाही, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ढग आडवे घातले. मला विचाराल तर त्यांनी स्वतःपेक्षा तुम्हालाच वाचवलं. मीही या सदरातून येता-जाता ‘मोकळेपणाने बोला’ असा सल्ला वाटत आलेय. तो सगळ्यांना लागू पडत नाही, एवढी माघार आज घेते.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये अशा हवापाण्याच्या गप्पांना एक वेगळं नावच दिलं होतं. त्याचं म्हणणं असं, की या बोलण्यातून माहिती पोचवायची नसतेच, माणसं त्यातून एकमेकांना धरून राहतात. तुमच्या बाबांचं तर त्याहून बरं आहे, त्यांच्या गप्पांत माहितीही ठासून भरलीय. फक्त ती मांजराच्या नावावर जमा होते.

तेव्हा आज रात्री मेल बंद. त्यांच्याच विषयात शिरा आणि एकच पाऊल पुढे जा. ‘शेवटी बाहेर कसं आलं ते?’ ‘धक्का बसला तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ ‘तीन वाजता उठल्यावर मग काय करता?’ उत्तर तुटक आलं तरी चालेल. लगेच दुसरा प्रश्न टाकू नका, थोडं थांबा.

मांजराला भूकंप आधी कळतो असं बाबा म्हणतात आणि तुम्ही हसता, असंही लिहिलंय. हसू नका. ही समजूत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ३७३ मध्ये ग्रीसमधलं हेलिके शहर भूकंपात बुडालं. त्याआधी पाच दिवस उंदीर आणि साप शहर सोडून निघाले होते, असं एलियन या प्राचीन लेखकाने नोंदवलंय. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगचा मोठा भूकंप होण्याआधी लोकांना घराबाहेर काढलं गेलं. तिथेही प्राण्यांच्या विचित्र वागण्याचे किस्से होते, पण मुख्य म्हणजे आधी बारीक धक्क्यांची रांगच लागली होती. पुढच्याच वर्षी तांगशानला तशी सूचना मिळाली नाही आणि अधिकृत आकड्यानुसारच जवळपास २ लाख ४२ हजार माणसं गेली. दिवस-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत करणं आजही कुणाला जमलेलं नाही. पण बाबा अगदीच चूक नाहीत. भूकंपाची पहिली लाट वेगवान आणि हलकी असते, हादरवणारी मागून येते. पहिली आपल्याला पुष्कळदा कळत नाही, प्राण्यांना कळत असावी. केंद्र ४० किलोमीटरवर असेल तर दोन्हींत जेमतेम पाच सेकंदांचं अंतर. मांजराला पलंगाखाली जायला तेवढं पुरतं! हे बाबांना सांगा, खूश होतील. आणि दुसऱ्या दिवशी ते तुम्हाला चार नव्या गोष्टी ऐकवतील, त्याची तयारी ठेवा.

आता चौथा विषय, बेत. मला खरं यावरच बोलायचंय. हवेचा अंदाज आठवडाभराचा बऱ्यापैकी भरवशाचा असतो, दोन आठवड्यांपलीकडे त्यात फारसा राम उरत नाही. भूकंपाचा तर अंदाजच नाही. मांजराच्या मनातलं मांजर जाणे. या चारांत आधी सांगता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, तुम्ही कधी येणार. आणि नेमकी तीच सगळ्यांत अस्पष्ट! ‘पुढच्या महिन्यात काय बेत?’ असं बाबा दर दोन-तीन दिवसांनी विचारतात आणि तुम्ही ‘बघू’ म्हणता. हा ‘बघू’ किती महिने चाललाय, ते पत्रात नाही. मोजा जरा.

तिकीट काढा, मग फोन करा. ‘यायचा विचार आहे’ नको. वार सांगा, तारीख सांगा, गाडी किती वाजता पोचते ते सांगा.

आणि जाऊन समोरासमोर बसून मन मोकळं करायला लावू नका. काम काढा. आईचं ते उंच कपाट अजून नुसतंच भिंतीला टेकून आहे ना? दोघं मिळून ते भिंतीत खिळवून टाका. पलंगाच्या डोक्याशी जड फ्रेम किंवा फळी असेल तर हलवा. उशाशी चप्पल आणि टॉर्च ठेवा, अंधारात काचांवर पाय पडायला नको. मांजराची न्यायची पेटी माळ्यावरून काढून कायम उघडी ठेवा, म्हणजे ते सवयीने तिच्यात जाईल. आणि बाबांना बजावा, धक्का चालू असताना मांजरामागे धावायचं नाही. पलंगावर असाल तर तिथेच डोक्यावर उशी घेऊन राहायचं, उठलेले असाल तर टेबलाखाली शिरून टेबल घट्ट धरायचं. मांजर नंतर आपणहून बाहेर येतं, ओढून काढायला गेलं तर ओरबाडतं. जवळ बसून राहायचं, बाबा बसले तसं.

कपाट सरकवताना मागे काहीतरी सापडेलच, आईचं एखादं काहीतरी. तेव्हा बाबा काही बोलले तर ऐका. नाही बोलले तर स्क्रू द्या त्यांच्या हातात.

एक राहिलंच. तीन पानांत तुम्ही मांजराचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. बाबा रोज घेत असतील. ठाऊक नसेल तर आज विचारा, आणि मलाही कळवा.

– ताई