लिथुआनियाचा बास्केटबॉल संघ

प्रश्न : लिथुआनियाची लोकसंख्या तीस लाखांहूनही कमी असताना त्या देशाचा पुरुष बास्केटबॉल संघ एवढा बलाढ्य कसा झाला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : या यशाचे मूळ दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे आहे. अमेरिकेत वाढलेल्या लिथुआनियन वंशाच्या खेळाडूंनी हा खेळ पूर्वजांच्या देशात रुजवला आणि १९३७ मध्ये रीगा येथे लिथुआनियाने युरोपीय अजिंक्यपद पटकावले. १९३९ ची स्पर्धा कौनास येथे खास उभारलेल्या क्रीडागृहात झाली. तेथे १९३६ च्या ऑलिंपिक विजेत्या अमेरिकी संघातील प्रानास लुबिनास लिथुआनियाकडून खेळले, आणि शेजारच्या लाटव्हियाला ३७-३६ असे अवघ्या एका गुणाने नमवून या संघाने अजिंक्यपद राखले.

पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने हा देश बळकावला आणि त्याचा राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून नाहीसा झाला. खेळाडू मात्र घडतच राहिले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील सोव्हिएत सुवर्णपदकात साबोनिस, मार्चुलिओनिस, कुर्टिनायटिस आणि होमिचुस या चौघा लिथुआनियनांचा सिंहाचा वाटा होता. म्हणूनच १९९२ मध्ये बार्सिलोना येथे स्वतंत्र लिथुआनियाने कांस्यपदकाच्या लढतीत, पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या एकत्रित संघाला ८२-७८ असे हरवले, तो विजय आम्हाला त्यांच्या साऱ्या अजिंक्यपदांहून मोलाचा वाटतो.

त्यानंतर १९९६ व २००० च्या ऑलिंपिकमध्ये पुन्हा कांस्य, २००३ मध्ये युरोपीय अजिंक्यपद आणि २०१० च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, अशी वाटचाल झाली. २०२३ च्या विश्वचषकात तर मनिला येथे या संघाने अमेरिकेलाही ११०-१०४ असे पराभूत केले.