‘टायटन’ची बेरीज ६६६ की ६६१?

प्रश्न असा आहे: ग्रीक पुराणातल्या ‘टायटन’ या नावाची गेमॅट्रियाने (म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देऊन) बेरीज ६६६ होते असं वाचलं, पण स्वतः केली तर ६६१ भरते. मधले पाच गेले कुठे?

तुमची बेरीज बरोबर आहे. ‘टायटन’ हा उच्चार आपण इंग्रजीतून उचललाय, मूळ नाव ‘तितान’. त्यातली ग्रीक अक्षरं अशी: ताऊ ३००, इओटा १०, पुन्हा ताऊ ३००, आल्फा १, न्यू ५०. झाले ६६१.

६६६ करणारे पहिल्या ताऊनंतर एक एप्सिलॉन घुसवतात, त्याचे ५. म्हणजे नाव होतं ‘तेइतान’. ही लबाडी वाटते. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तितानमधली ‘ती’ मुळात दीर्घ, आणि रोमन काळापर्यंत ‘एइ’ या जोडीचा उच्चारही दीर्घ ‘ई’ असाच झाला होता. त्यामुळे दीर्घ ‘ई’च्या जागी ‘एइ’ लिहिलेलं शिलालेखांतही सापडतं. आपल्याकडचे कोश आणि कोष घ्या. बोलताना फरक कळत नाही, दोन्ही रूपं चालतात. पण आपल्या कटपयादीत, म्हणजे अक्षरांतून अंक मांडायच्या जुन्या भारतीय पद्धतीत, क म्हणजे १, श ५, ष ६, आणि अंक उजवीकडून मांडायचे. म्हणून कोश ५१ आणि कोष ६१! पोटफोड्या ‘ष’ने दहा वाढवले. (कटपयादीत अंक शेजारी-शेजारी मांडतात, ग्रीक पद्धतीत बेरीज करतात, एवढा भेद आहेच.)

‘तेइतान’ची ही बेरीज इरिनेयसच्या लिखाणात आहे. हा ल्यों शहराचा बिशप, लिहिलं इ. स. १८०च्या सुमारास. बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात एका श्वापदाचा आकडा ६६६ दिलाय, त्यात कोणतं नाव बसेल हे तो पाहत होता. त्याने तीन नावं दिली: एवान्थास, लातेइनोस, तेइतान. लातेइनोसमध्येही तोच ‘एइ’ आहे. एप्सिलॉन काढा, तिथेही ६६१च उरतात. तेइतान त्याला सर्वांत पटलं, कारण ग्रीकमध्ये अक्षरं सहा आणि ‘तेइ’ व ‘तान’ या दोन्ही उच्चारखंडांत तीन-तीन. तरीही हेच ते नाव, असं ठामपणे सांगायला तो तयार नव्हता.

जाता जाता: गेमॅट्रिया ही संज्ञा हिब्रू परंपरेतली. ग्रीक नावांसाठी नेमका शब्द इसोप्सेफिया. ‘इसोस’ म्हणजे समान, ‘प्सेफोस’ म्हणजे खडा, हिशेबाचाही आणि मतदानाचाही. निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर बसणाऱ्या सेफॉलॉजिस्टांच्या नावात हाच खडा आहे.

नावावरून आकडा निघतो, आकड्यावरून नाव मात्र नाही. पॉम्पेईच्या एका भिंतीवर कुणीतरी ग्रीकमध्ये खरडलंय, ‘जिचा आकडा ५४५, तिच्यावर माझं प्रेम आहे.’ ती कोण, हे त्यालाच ठाऊक.