हलका बूट, पण नेमका कुठे हलका?

वर्षा मॅरेथॉनच्या सरावाचे दिवस आहेत, त्यामुळे या वेळी खेळाच्या बुटांवरची पत्रं जास्त आली. त्यातली बरीचशी बूट विकत घेणाऱ्यांची नव्हे, तर बनवणाऱ्यांची आहेत याचा विशेष आनंद वाटतो. पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न: वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं युनिट आहे. अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या कारागिरांकडून शिवून घेतो, सोल बाहेरून आणतो. आमचा आठ नंबरचा धावण्याचा बूट एका पायाला ३४० ग्रॅम भरतो. तो २५० वर आणायचा आहे. मिडसोलसाठी (पाऊल आणि खालचं रबर यांच्या मधला फोमचा थर) आणखी हलका फोम घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: फोमला शेवटी हात लावा. आधी एक बूट कापून सुटा करा आणि अप्पर, इनसोल, मिडसोल, खालचं रबर असा प्रत्येक भाग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वेगळा तोला. आठ नंबरच्या सोलचं क्षेत्रफळ साधारण २२० चौरस सेंटिमीटर असतं. रबराची घनता दर घन सेंटिमीटरला १.१५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचं सलग रबर एकटंच १०० ग्रॅम भरतं. सरासरी अडीच सेंटिमीटर जाडीचा, ०.२० घनतेचा ईव्हीए (बुटांत वापरतात तो हलका प्लास्टिक फोम) मिडसोल ११० ग्रॅम. अप्पर ८५, इनसोल आणि त्याखालचं, अप्परच्या तळाला शिवलेलं स्ट्रोबेल कापड ३०, नाडी आणि गोंद १५. बेरीज तुमच्या आकड्यापाशीच येते. बुटात सगळ्यात पातळ दिसणारा थर सगळ्यात जाड थराच्या जवळपास तेवढाच जड निघतो, आणि कात्री तिथे चालवायची.

रबर फक्त झिजेच्या जागी ठेवा: टाचेची मागची बाहेरची कड, चवड्याखालचा पट्टा आणि अंगठ्याखालचा भाग. कमानीखाली रबर नकोच. क्षेत्र निम्मं आणि जाडी २.५ मिलिमीटर केली, की रबर ३२ ग्रॅमवर येतं. इथेच ७० ग्रॅम सुटले. मग फोमची घनता ०.२० वरून ०.१७ केलीत तर आणखी १६ ग्रॅम जातात. उरलेले चार-पाच ग्रॅम अप्परमधलं दुहेरी अस्तर आणि जिभेतला जाड स्पंज कमी करून निघतील. अंगठ्याजवळचं अस्तर मात्र काढू नका, जाळी पहिल्यांदा तिथेच फाटते.

फोम एकदम ०.१२ वर नेण्याचा मोह टाळा. ईव्हीएची घनता उतरवली की आतल्या बुडबुड्यांच्या भिंती पातळ होतात, रोजच्या दाबाने त्या मोडतात आणि फोम कायमचा बसतो. तो सगळीकडे सारखा बसत नाही. टाचेची ज्या बाजूला जास्त भार पडतो ती बाजू आधी खचते, आणि दोन महिन्यांनी बूट टेबलावर ठेवला तर मागून पाहताना एका अंगाला कललेला दिसतो. त्या बुटात आधार उरलेला नसतो, वजन कितीही कमी असो. नवा फोम घेण्याआधी जुन्या-नव्या फोमचे २० मिलिमीटर जाडीचे तुकडे दोन पट्ट्यांत दाबून १० मिलिमीटरवर आणा, ५० अंशांच्या ओव्हनमध्ये सहा तास ठेवा, सोडवा आणि अर्ध्या तासाने जाडी मोजा. जो जास्त परत येईल तो घ्या. पुरवठादाराच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा ही चाचणी जास्त खरं सांगते.

आणखी एक धोका पावसाचा. उघडा ईव्हीए शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर सटकतो, म्हणून चवड्याखालच्या रबरात कपात करताना हात आखडता ठेवा. या सगळ्या खटाटोपाचा धावणाऱ्याला काय उपयोग? एका बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की त्याच वेगाला लागणारा ऑक्सिजन सुमारे १ टक्क्याने वाढतो. लांब पल्ल्यात हा फरक जाणवतो. आणि माल बाजारात आणण्याआधी खेळाच्या बुटांसाठीचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आयएस १५८४४ हा मानक वाचून घ्या.

प्रश्न: डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोल लवचिक व्हावा म्हणून मी नमुन्यात आडव्या, सरळ पाच खाचा दिल्या. दोन आठवड्यांत मधली खाच फाटली, आणि बूट चवड्याऐवजी कमानीपाशी मुडपतो. काय चुकलं?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. पाऊल जिथे वाकतं ती रेघ सरळ नसते. अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड बोटाने चाचपून पाहा, करंगळीकडचं बरंच मागे लागेल. २६ सेंटिमीटर लांबीच्या पावलात टाचेपासून आतल्या बाजूला सुमारे १९ आणि बाहेरच्या बाजूला साडेसोळा सेंटिमीटरवर ही हाडं येतात. मुख्य खाच या तिरक्या रेघेवरच हवी. मोजताना एक घोळ हमखास होतो: माप सोलच्या मागच्या कडेपासून घेतलं जातं. मिडसोल टाचेमागे पाच-सहा मिलिमीटर बाहेर आलेला असतो, त्यामुळे सगळ्या खाचा तेवढ्याच मागे सरकतात. माप बुटाच्या आतून, पावलाची टाच जिथे टेकते तिथून घ्या.

वाकण्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. चवड्याखालचा फोम २० मिलिमीटर असेल आणि खाच ६ मिलिमीटर खोल असेल, तर उरतो १४. ताठरपणा साधारण एक तृतीयांश होतो. त्यामुळे पाच खाचांची गरजच नाही. मुख्य रेघेवर एक, तिच्या पुढे दहा-बारा मिलिमीटरवर दुसरी, हवी तर तिसरी. मागे एकही नको. तुमच्या मागच्या दोन खाचा कमानीत गेल्या आणि बुटाने तिथेच मान टाकली.

फाटण्याचं कारण खाचेचा तळ. इंग्रजी व्ही अक्षरासारखा टोकदार तळ असला की प्रत्येक पावलाला सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि चीर तिथून सुरू होते. खाच ३ मिलिमीटर रुंद आणि तळाला गोल ठेवा. खालचं रबरही त्या रेघेवर तोडा, नाहीतर वर खाच आणि खाली सलग रबर असा प्रकार होतो आणि बूट वाकतच नाही.

कमानीचा भाग मात्र मुद्दाम ताठ हवा. तिथे मिडसोलच्या बाजूच्या भिंती दोन-तीन मिलिमीटर उंच घ्या किंवा १ मिलिमीटरची नायलॉनची पट्टी आत बसवा. मग नमुना हातात घेऊन दोन गोष्टी करा. टाच एका हातात, पुढचं टोक दुसऱ्या हातात धरून दाबा: घडी चवड्यावरच पडली पाहिजे. आणि ओलं फडकं पिळतो तसा बूट पिळून बघा. थोडा वळावा, पण फडक्यासारखा गुंडाळला गेला तर मधला भाग अजून कमजोर आहे.

प्रश्न: शाळेच्या अॅथलेटिक्स संघाला शिकवतो. चौदा मुलं, प्रत्येकाचं पाऊल वेगळं. सगळ्यांना एकाच प्रकारचा बूट घेऊन आतून हवा तसा आधार देता येईल का? ओल्या पावलाचा ठसा बघून आधार ठरवावा का?
– एक प्रशिक्षक, कोपरखैरणे

उत्तर: येईल, आणि तोच शहाणपणाचा मार्ग आहे. मिडसोलमध्येच ओतलेला आधार बदलता येत नाही. इनसोलखाली लावलेला थर काढता-घालता येतो आणि वजनही जवळपास वाढवत नाही. कमानीचा २ मिलिमीटरचा एक ईव्हीए थर दीड ग्रॅमच्या आत बसतो.

प्रत्येक बुटाचा मूळ इनसोल काढा आणि तो कागदावर आखून घ्या. त्याखाली लावायला दोनच प्रकारचे तुकडे कापा. पहिला कमानीचा: २ मिलिमीटरचे थर, एकावर एक, जास्तीत जास्त तीन. दुसरा टाचेची पाचर: आतल्या कडेला ३ मिलिमीटर, बाहेरच्या कडेला शून्य. सहा सेंटिमीटर रुंदीच्या टाचेत ही पाचर जवळजवळ ३ अंशांचा कल देते, मुलांसाठी तेवढा भरपूर. सगळ्या तुकड्यांच्या कडा घासून निमुळत्या करा, नाहीतर पंधरा मिनिटांत ती कड पायाला कळते. चिकटवायला दुहेरी टेप पुरते. सोल्युशन लावलंत तर पुढे बदलता येणार नाही.

कमानीच्या तुकड्याची जागा फार जण चुकतात. तो पावलाच्या बरोबर मध्यावर लावतात. सगळ्यात उंच भाग त्याहून मागे, आतल्या घोट्याच्या किंचित पुढे जे हाड हाताला लागतं त्याच्या खाली हवा, आणि तुकडा चवड्याच्या निदान एक सेंटिमीटर आधी संपला पाहिजे. पुढे सरकला की तळपायाची शीर दाबली जाते आणि मूल म्हणतं, ‘सर, बुटात काहीतरी आहे.’ असं म्हणालं तर तुकडा लगेच काढा. हळूहळू सवय होईल, असं सांगून मुलाला त्यावर धावायला लावू नका.

एका वेळी एकच थर घाला आणि तीन-चार सराव होऊ द्या, मगच पुढचा. पाचर आणि कमान एकाच दिवशी लावलीत तर फायदा कशाचा आणि दुखणं कशाचं हे कळायला मार्ग राहत नाही. इनसोल वर उचलला गेला की टाचही वर येते आणि मागून सुटायला लागते, म्हणून बूट घेताना ज्याचा मूळ इनसोल ५-६ मिलिमीटर जाड आणि सुटा आहे असाच घ्या. टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबून बघा. ती सहज आत गेली तर वर कितीही थर घातलेत तरी टाच डुलणारच.

ओल्या पावलाचा ठसा कोटा फरशीवर छान उमटतो, पण त्यावरून बूट ठरवू नका. सैनिकी प्रशिक्षणार्थींना पावलाच्या आकारावरून बूट देऊन पाहिले गेले आहेत, त्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. मुलाला कशात आरामात धावता येतं हा जास्त भरवशाचा निकष आहे. सपाट पाऊल दिसलं तर त्याला चवड्यांवर उभं करा. कमान उमटली तर पाऊल लवचिक आहे, आणि दुखत नसेल तर काहीच करायचं कारण नाही. कमान उमटत नसेल किंवा दुखत असेल तर तुकडे कापत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर टीपीयूचा (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) इनसोल छापते आहे. मे महिन्यात चांगला आला, जुलैमध्ये सगळीकडे तंतू सुटतात आणि थर हाताने सोलले जातात. शिवाय तो जड वाटतो.
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर: टीपीयू हवेतली ओल शोषतं आणि खाडीकाठच्या जुलैत ती काही कमी नसते. गरम नोझलमध्ये त्या पाण्याची वाफ होते, बारीक तडतड ऐकू येते, तंतू सुटतात आणि थरांत पोकळ्या राहतात. रीळ छापण्याआधी ५५ ते ६० अंशांवर पाच-सहा तास वाळवा आणि छपाई चालू असतानाही सिलिका जेलच्या बंद डब्यातूनच धागा सोडा. रात्रभर रीळ उघडं राहिलं तर सकाळी पुन्हा वाळवा. वेग सेकंदाला २५-३० मिलिमीटर, तापमान २२५ अंशांच्या आसपास, धागा मागे ओढण्याचं अंतर एक मिलिमीटरच्या आत. मऊ धागा जास्त मागे ओढला की तो गिअरमध्ये अडकतो.

जडपणाचं कारण घनता. टीपीयू १.२, इनसोलचा ईव्हीए ०.१५. पोकळ जाळी छापली तरी वरखालचे सलग थर आणि भिंती वजन खातात. म्हणून पूर्ण इनसोल छापू नका. फक्त टाच ते कमान हा भाग छापा आणि पुढे ३ मिलिमीटरचा साधा ईव्हीए जोडा. ९५ए ऐवजी ८५ए कठीणपणाचा, म्हणजे जास्त मऊ धागा मिळाला तर उत्तम. आतली जाळी जायरॉइड घ्या, कारण ती सगळ्या दिशांना साधारण सारखी दबते: टाचेखाली १२ टक्के भरीव, कमानीखाली २० ते २५. स्लायसरमध्ये (आराखड्याचे छपाईसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर) कमानीच्या आकाराचा वेगळा ठोकळा ठेवून तेवढ्याच भागाची घनता बदलता येते. प्रत्येक पावलासाठी नवा आराखडा काढायची गरज नाही, हा टक्का बदलला की आधार बदलतो. प्रिंटिंगचा खरा फायदा तोच.

प्रश्न: पावसाळ्यात चिकटवलेले सोल आठवड्याभरात पुढून उघडतात. गोंद तोच, कारागीर तोच.
– एक वाचक, तुर्भे

उत्तर: गोंदातला द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेत त्यावर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा धरतो. दोन्ही भाग त्या पापुद्र्यावर टेकतात, एकमेकांवर नाही. उघडलेला सोल नीट पाहा. सगळा गोंद एकाच बाजूला गुळगुळीत राहिला असेल तर जोड कधी बसलाच नव्हता.

साच्यातून आलेल्या ईव्हीएवर साचा सुटण्यासाठी लावलेलं सिलिकॉन असतं, ते धुऊन, वाळवून, कड खरखरीत घासा. मग ईव्हीएचा प्रायमर. यूव्ही प्रायमर असेल तर दिव्याखालून काढल्याशिवाय तो काम करत नाही. त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) गोंदाचे दोन पातळ हात द्या. मोचीकडचं नेहमीचं निओप्रीन सोल्युशन चामड्याला आणि रबराला ठीक, ईव्हीएला नाही. गोंद सुकल्यावर दोन्ही बाजू ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापवा, या उष्णतेने पापुद्राही जातो आणि गोंदही जागा होतो. गरम असतानाच जोडून प्रेसमध्ये दाबा आणि २४ तास बूट वाकवू नका. पावसाळ्यात गोंदाची खोली पंख्याने नव्हे, एसीने किंवा डीह्युमिडिफायरने कोरडी ठेवा. पंखा बाहेरची दमट हवाच आत फिरवतो. द्रावकाची वाफ बाहेर टाकणारा एक्झॉस्ट मात्र कारागिराच्या नाकाच्या पातळीखाली, टेबलाच्या मागच्या कडेला हवा.