मोफत पाससाठी दहा दिवस राबावं का?

प्रश्न (कांदिवलीहून एका ताईंचा): मुलगा १९ वर्षांचा, एस.वाय.बी.कॉम.ला आहे. शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कने उन्हाळ्यासाठी ‘स्वयंसेवक’ मागवलेत. एप्रिल-मेमधले १० शनिवार-रविवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. पगार नाही. त्याबदल्यात घरातल्या चौघांना एक दिवस मोफत प्रवेश आणि एक प्रमाणपत्र. टी-शर्टचे ३०० रुपये आधी भरायचे. तिकीट मोठ्यांना १,२०० आणि मुलांना ९०० आहे, म्हणजे ४,५०० रुपये वाचतात. धाकटी मुलगी दोन वर्षं मागे लागली आहे, पण यांच्या ३२,००० पगारात एवढे पैसे एकदम काढणं जमलेलं नाही. ओळखीचा कॅटरिंगवाला मुलाला दिवसाला ६०० रुपयांवर बोलावतोय. काय करावं?

उत्तर: ताई, हिशोब त्या ४,५०० पासून सुरू करू, कारण गोंधळ तिथेच आहे. ही खिडकीवरची, सुट्टीच्या दिवसाची किंमत झाली. तुम्हीच पुढे लिहिलंय की जायचं झालं तर मधल्या वारी, यांची रजा टाकून जाऊ. त्या दिवसाचे ऑनलाइन दर तुम्ही पाहून ठेवलेत: मोठ्यांना ९५०, मुलीला ७५०, आणि कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं की मुलाला ७००. दोन मोठ्यांचे १,९००, मुलांचे १,४५०, एकूण ३,३५०. पासची तुमच्या घरापुरती किंमत एवढीच. जे पैसे तुम्ही कधीच खर्च करणार नव्हता, ते ‘वाचले’ असं धरता येत नाही.

आता खर्चाकडे या. मुलाला लोकल, मग बस, मग शेअर रिक्षा असं जावं लागेल. तुम्ही जाऊन-येऊन ९० रुपये धरलेत, ते बरोबर वाटतं. त्याचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा, इथे उपयोगाचा नाही. जेवण पार्ककडून नाही. आतल्या कॅन्टीनमध्ये दुपारचं खाणं आणि चहा मिळून १२० रुपयांच्या आत भागत नाही. दिवसाचे २१०, दहा दिवसांचे २,१००, वर टी-शर्टचे ३००. झाले २,४००.

इथे जरा थांबा. ३,३५० चे पास मिळवायला घरातून २,४०० रुपये जाणारच आहेत, फक्त ते रोज सकाळी दहा-वीस-पन्नासच्या नोटांत जातात म्हणून जाणवत नाहीत. त्यात आणखी ९५० घातले की काहीही न राबता तीच तिकिटं विकत येतात. म्हणजे पोरगा दहा दिवस उन्हात उभा राहणार तो ९५० रुपयांसाठी. नऊ तासांचं काम आणि अडीच तासांचा प्रवास धरला तर ११५ तास होतात. तासाला सव्वाआठ रुपये पडले. घरून डबा दिला आणि खाण्याचा खर्च ४० वर आणला तरी तासाचे १५ रुपयेच होतात. डबा चालतो का, हेही विचारावं लागेल. अशा ठिकाणी बाहेरचं खाणं गेटवरच काढून घेतात. कामावरच्या माणसांना सूट असते का, ते प्रत्येक जागेचं वेगळं.

कॅटरिंगचं काम हलकं नाही. संध्याकाळी ५ ला पांढरा शर्ट, काळी पँट घालून हजर व्हायचं, काउंटरवर उभं राहायचं, ताटं उचलायची आणि साडेअकराला सुटायचं. पण ६०० रोख हातात, जेवण तिथेच, प्रवास ४० चा. निव्वळ ५६० राहतात, प्रवासासकट तासाला पाऊणशे रुपये. लग्नाच्या तारखा मुहूर्तावर असतात, त्यामुळे दहा दिवस काम मिळेलच असं धरू नका. सहाच दिवस मिळाले तरी ३,३६० होतात, चौघांची तिकिटं निघतात. सातवा दिवस रिक्षासाठी ठेवा: रात्री १२ नंतर मीटरला सव्वापट भाडं पडतं, आणि मांडव आवरता आवरता एखाद्या दिवशी बारा वाजतातच. ‘पैसे त्याच रात्री’ हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. ‘सीझन संपल्यावर एकदम देतो’ म्हणणाऱ्याकडे मुलाला दुसऱ्या दिवशी पाठवू नका.

पैशांपुरतं उत्तर इथेच मिळतं. पण या देवाणघेवाणीत पैशांहून मोठी जोखीम आहे, आणि त्याबद्दल जाहिरातीत एक शब्द नाही.

मुलाला कुठे उभं करणार, हे आधी विचारा. तिकीट तपासणं, लॉकरच्या किल्ल्या देणं, रांग लावणं, हरवलेल्या मुलांच्या टेबलावर बसणं ही कामं ठीक आहेत. ट्यूब घेऊन दिवसभर ओले जिने चढायचे असतील तर पाय घसरण्याची भीती आहे. स्लाइडच्या माथ्यावरची जागा तर त्याने घेऊच नये. तिथला माणूस खालचा कुंड मोकळा झाल्याची खूण येईपर्यंत पुढच्याला धरून ठेवतो. दुपारी एक वाजता रांग जिन्यावरून खाली गेलेली असते, लोक ओरडत असतात, आणि त्याने चार सेकंद आधी सोडलं तर वरून आलेला माणूस खालच्याच्या पाठीत आदळतो. हे शिकवलेल्या, पगारी माणसाचं काम आहे. पाण्याच्या कडेला लाइफगार्ड म्हणून उभं करणार असतील तर सरळ नाही म्हणा. हलगर्जीपणामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं, आणि चौकशीत ‘मी स्वयंसेवक होतो’ एवढं सांगून सुटका होत नाही.

त्याला स्वतःला लागलं तर? पगारी कामगाराला, मासिक वेतन २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापना योजनेत असेल तर, ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, संरक्षण असतं. मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. ज्याला वेतनच नाही त्याच्या नावावर हे काहीच जमा होत नाही. म्हणून तो कुठलंही काम घेवो, दोन गोष्टी करा. तुमच्या यजमानांच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये मुलाचं नाव आहे का आणि कुठल्या वयापर्यंत, ते एचआरला विचारा. अशा बऱ्याच पॉलिसी अवलंबून असलेल्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत धरतात, पण नाव चढवलेलं असावं लागतं. दुसरं, त्याच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करा: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. हिचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. एप्रिलमध्ये घेतली तर पहिला हप्ता ३१ मेपर्यंतच चालतो, आणि मेअखेर खात्यात २० रुपये नसले तर ती तिथेच तुटते. दवाखान्याचं बिल या योजनेतून मिळत नाही, त्यासाठी मेडिक्लेमच लागतो.

‘स्वयंसेवक’ या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. गणपतीच्या मंडळात मुलं रात्रभर राबतात, रक्तदान शिबिरात उभी राहतात, तिथे कुणी त्यांच्या घामावर नफा कमावत नाही. तिकीट विकून चालणारं पार्क ठरलेल्या वेळेत, हजेरी लावून, एरवी पगारी माणूस करतो तेच काम करून घेत असेल तर ती नोकरीच आहे, आणि पास हा तिचा वस्तूरूपातला पगार आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली म्हटलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ खाली बसणारी वेठबिगारीच आहे. तुम्ही लगेच कोर्टात जावं असं मी सुचवत नाही. पण पार्कशी बोलताना उपकार घेतल्याच्या सुरात बोलू नका, कारण उपकार तुमचा मुलगा करतोय.

त्याला हॉटेल किंवा पर्यटनाच्या धंद्यात जायचं असेल तर प्रमाणपत्राला थोडी किंमत आहे. तेव्हा त्यावर कामाचं नाव आणि तास लिहून मागा, नुसता ‘सहभाग घेतला’ एवढा मजकूर कुणी वाचत नाही. बी.कॉम. करून अकाउंट्समध्ये जाणार असेल तर एखाद्या सीएच्या ऑफिसात दोन महिने व्हाउचर लावलेली जास्त उपयोगी पडतील.

तरीही मुलाचं मन पार्ककडेच ओढत असेल, तर सौदा बदलून मागा. बरोबरीचा सौदा किती दिवसांचा, तेही काढता येतं. त्याच्या दिवसाची किंमत कॅटरिंगवरून ५६०, वर तिथला खर्च २१०, म्हणजे प्रत्येक दिवस ७७० चा. ३,३५० ला ७७० ने भागलं की चार दिवस येतात. चार दिवसांत चार पास, जेवण त्यांचं आणि टी-शर्टचे पैसे परत, एवढं मान्य झालं तर खुशाल जाऊ द्या. पाचव्या दिवसापासून पगार मागावा. उन्हाळ्यात पार्क हंगामी पगारी माणसं घेतात, त्याच ऑफिसात ‘सीझनल जागा आहे का’ एवढं विचारायला काहीच लागत नाही.

दहा दिवसांचीच अट राहिली तर सगळ्यात वाईट कलम कुठलं असेल ते सांगते: ‘सर्व दिवस भरले तरच पास’. एप्रिलमध्ये एखादा पेपर येतो, मेमध्ये ताप येतो, एका रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा जम्बो ब्लॉक लागतो. नऊ दिवस भरले, दहावा चुकला, हातात शून्य. त्यामुळे पाच दिवसांना दोन पास अशी टप्प्याटप्प्याने देण्याची अट घाला. पास कोणत्या तारखांना चालत नाही, दुसऱ्याच्या नावे वापरता येतो का, मुदत किती, हेही ईमेलवर घ्या, आणि मिळालेला पास पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू नका. पार्क कायमची नसतात. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून इतकी वर्षं चाललं आणि २०२२ साली बंद झालं.

एक खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, म्हणून वरच्या तुलनेत धरलेला नाही. पास असो वा तिकीट, आत गेल्यावर लॉकर, जेवण आणि कपडे आहेतच. सुती कपडे घालून पाण्यात सोडत नाहीत, कारण सुताचे तंतू फिल्टरमध्ये अडकतात आणि भिजलेलं कापड जड होऊन स्लाइडवर अडतं. नायलॉनचे कपडे तिथे भाड्याने घेण्यापेक्षा आधीच कुणाकडून मागून घ्या. तरी चौघांना मिळून हजारभर रुपये बाजूला ठेवा. सोसायटीतली वीसेक माणसं जमली तर ग्रुपचा दर विचारा, तो तुमच्या ऑनलाइन दराच्याही खाली येऊ शकतो.

टी-शर्टचे पैसे भरायला शनिवारपर्यंत मुदत आहे म्हणता. तोवर पार्कला एकच ईमेल पाठवा: काम कुठलं, विमा कुणाचा, दिवस चुकला तर काय, पास कधीपर्यंत चालेल. शुक्रवार संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर ३०० रुपये भरू नका आणि कॅटरिंगवाल्याकडून मेच्या तारखा लिहून घ्या.