एकटी ग्रामपंचायत पुढाकार घेऊन गाव सौर करू शकते का, की वरून आदेश यायची वाट बघायची?

करू शकते, आणि उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे: पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. पैसा आणि नियम वरूनच येतात. घराच्या छतावर सौर पॅनल बसवायच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० अनुदान मिळतं. पण काम अडतं ते कागदावर. मी पाटण-कराड पट्ट्यात छतावरचे पॅनल बसवतो. निम्म्या घरांचं वीज मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि अर्ज नातवाचा! नाव बदलल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ग्रामपंचायतीने एक दिवस शिबिर लावून वारसनोंदी, मीटरवरचं नाव, बँक पासबुक एकदम मार्गी लावलं, की महिन्यांचं काम आठवड्यांवर येतं. ग्रामसभेत ठराव करून आधी शाळा, पाणीपुरवठा आणि पथदिवे सौर करा. लोक पंचायतीचं बिल बघूनच तयार होतात, भाषणं ऐकून नाही.

एक मात्र लक्षात घ्या, ही योजना घरांसाठी आहे. शेतीपंपाला वेगळा अर्ज लागतो. आणि पाटणच्या पावसात जून ते सप्टेंबर उत्पादन चांगलंच घसरतं. नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमध्ये, उन्हाळ्यातले जादा युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण हिशोब मार्चअखेर मिटतो. म्हणजे मार्चपर्यंत साठवलेले युनिट पावसाळ्यात कामाला येत नाहीत, एप्रिल-मेचेच येतात.