फुग्यातली ताकद हवेत असते की रबरात?

प्रश्न: सर, पोरीच्या वाढदिवसाला फुगे फुगवताना पहिल्या एक-दोन फुंकांना गाल दुखून येतात आणि मग फुगा एकदम भराभर फुगायला लागतो. जास्त ताणल्यावर जास्त जड जायला हवं ना, मग उलटं कसं? आणि फुगा फुटतो तेव्हा जोर आतल्या हवेचा असतो की रबराचा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, पण आधी दुसरा घेतो कारण त्यात बहुतेकांचा गैरसमज असतो. आपल्याला वाटतं फुग्यात हवा प्रचंड दाबून भरलेली असते, तसं काही नसतं. साध्या फुग्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दोन-तीन टक्केच जास्त असतो. पाच लिटरचा फुगा धरला तर तो फुगवायला साधारण १२ ज्यूल काम लागतं, म्हणजे एक किलोची साखरेची पिशवी सव्वा मीटर उचलण्याएवढं, आणि यातलं दाबलेल्या हवेत जातं ते एका ज्यूलपेक्षाही बरंच कमी, बाकी जवळजवळ सगळं रबराच्या ताणात.

आता गाल का दुखतात. आतला दाब दोन गोष्टींवर ठरतो, रबर किती ताणलंय आणि फुग्याचा गोल किती मोठा आहे. गोल लहान असला की तेवढ्याच ताणाला दाब जास्त लागतो. सुरुवातीला गोलही लहान आणि रबरही जाड, त्यामुळे दाब झटकन चढतो. साध्या गणितानं फुग्याची त्रिज्या मूळच्या साधारण १.४ पट झाली की दाब सगळ्यात जास्त असतो, त्यापुढे ताण वाढतोच पण रबर पातळ होत जातं आणि गोल मोठा होतो, या दोन्हीमुळे दाब उतरतो आणि फुगा सोपा वाटायला लागतो. फार फुगवला की परत जड जातो, कारण रबराच्या लांब रेणूंच्या साखळ्या ताणायच्या शिल्लकच राहत नाहीत.

याच कारणानं एक गंमत होते, नक्की करून बघा. एकसारखे दोन फुगे घ्या, एक अर्धवट, एक चांगला मोठा फुगवा, तोंडं चिमटून धरा आणि मध्ये नळी बसवून चिमटे सोडा. सगळ्यांना वाटतं हवा सारखी वाटली जाईल, पण बहुतेक वेळा छोटा आणखी आक्रसतो आणि मोठा आणखी फुगतो, कारण छोट्यातला दाब जास्त!

रबराचा ताण स्प्रिंगसारखा नसतो, हे मला सगळ्यात आवडतं. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता, ताणला की रेणू सरळ रांगेत येतात आणि सोडला की परत गुंत्यात जायला बघतात, ओढ तिथून येते. म्हणून न फुगवलेला फुगा वरच्या ओठाला लावून झटकन ताणा, तो कोमट लागेल, थोडा वेळ तसाच धरून सोडा, गार लागेल. हे इंग्लंडातल्या केंडलच्या जॉन गॉफनं नोंदवलं आणि १८०५ मध्ये छापून आलं. तो दृष्टिहीन होता, ओठानंच तापमान जोखायचा. पुढे जेम्स ज्यूल या शास्त्रज्ञानं (ज्याच्या नावानं ज्यूल हे एकक आहे) ते मोजून बघितलं.

आणि फुटताना ही सगळी ताकद मोकळी होते. पॅरिसमध्ये मूलिने आणि अदा-बेदिया या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्यानं हे टिपलं. कमी फुगवलेला फुगा टोचला तर एकच भेग पळते आणि दोन मोठे तुकडे होतात, टम्म फुगलेला असेल तर भेगेला फाटे फुटत जातात आणि रबराच्या पट्ट्या-पट्ट्या होतात, कारण रबरात भेगेच्या वेगाला सेकंदाला सुमारे ५७० मीटरच्या आसपास मर्यादा आहे आणि जास्तीची ताकद एका भेगेत मावत नाही. गाठीजवळ आणि बरोब्बर विरुद्ध टोकाला जिथे रंग गडद दिसतो तिथलं रबर कमी ताणलेलं असतं, तिथे तेल लावलेली बारीक सुई हळूच फिरवत घातली तर भेगेला पळायला पुरेसा ताणच मिळत नाही आणि फुगा फुटत नाही, हवा मात्र हळूहळू जात राहते.